काळ्यांच्या घरचा काळा मावा

आता तुम्ही एवढा आग्रहच करताय म्हणून सांगतो, नाहीतर हा किस्सा मी कुणाला सांगत नाही. म्हणजे मी सांगत नाही. आमची ही सांगते, शेजारच्या तिवारी भाभी सांगतात, आणि ऑफिसात मी नुसता चहाला उठलो तरी मागून कुणीतरी विचारतं, "काले जी, मावा कैसा है?" तेव्हा म्हटलं, एकदा माझ्याही तोंडून होऊन जाऊ दे. निदान त्यात माझी बाजू तरी येईल.

बाजू तशी फारशी नाही म्हणा.

मी काळे. मूळचा नगर जिल्ह्यातला, रेल्वेत कारकून, आणि बदली झाल्यापासून, म्हणजे चार वर्षं, झाशीत. बायको वसुधा ही मात्र अस्सल झाशीची. पेशव्यांच्या काळात तिचे कुणी पूर्वज पूजेअर्चेसाठी इकडे आले ते परत गेलेच नाहीत. माहेर दतिया गेटजवळ. त्यामुळे आमच्या घरात दोन मराठ्या बोलल्या जातात. एक माझी, जी मी शुद्ध समजत होतो. आणि एक तिची.

तिची म्हणजे कशी? "दूध उकळून गेलं आहे." "मी खिडकी बंद करून दिली." "भैयाला सांगून द्या, आज भाजी नको." असं हिंदी वळणानं चाललेलं असतं आणि मध्येच एखादा असा जुना शब्द येतो की आपण चमकावं. कपाटाला फडताळ. हात धुवायच्या भांड्याला तस्त. मला हसू यायचं आणि मी दुरुस्त करायचो. रोज करायचो. जेवता जेवता, घास तोंडात असताना, "उकळून गेलं नाही गं, उकळलं." ती ऐकून घ्यायची. हे तिचं ऐकून घेणं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

माझी दुसरी खोड म्हणजे चौकसपणा. भेळेचा कागद मागूनपुढून वाचल्याशिवाय मला भेळ गोड लागत नाही. 'आत येऊ नये' अशी पाटी दिसली की आत काय आहे ते विचारून येतो. आता या दोन खोडी एका माणसात असल्या तर काय होईल? तेच झालं.

आमच्या क्वार्टरच्या मागे वाफा म्हणावा एवढी जमीन आहे. तिथे पावट्याचा एक वेल होता. पावटा म्हणजे बाजारातला नव्हे. वसुधाच्या आईच्या परसातला. पांढरा दाणा आणि डोळ्याभोवती जांभळी रेघ, जणू कुणी पेनानं काढलेली. मी तसा पावटा दुसरीकडे कुठेच पाहिला नाही. सासूबाई दरवर्षी बी द्यायच्या. गेल्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या, आणि मागे एका बाळंतशोपेच्या डब्यात मूठभर दाणे राहिले. पहिल्या वर्षी अर्धे पेरले तर माकडांनी वेल उपटले. झाशीची माकडं, त्यांना काय सांगणार? यंदा उरलेले सगळे पेरले. चार उगवले, तीन मेले, एक राहिला.

एक वेल, आणि डबा रिकामा. या वेलावर शेंगा वाळल्या तर बी. नाहीतर तो पावटा संपला, कायमचा.

वसुधा हे बोलून दाखवत नव्हती. पण सकाळी चहाचा कप घेऊन ती त्या वेलापाशी उभी राहायची. एकदाच म्हणाली, "आईचं हेच एक जिवंत राहिलं आहे." आणि आत गेली. मला फार वाईट वाटलं. त्या वेळी मात्र मी तिचं वाक्य दुरुस्त केलं नाही, एवढी अक्कल मला होती.

फाल्गुन लागला, होळी आठ दिवसांवर आली आणि वेलाचे कोवळे शेंडे काळे दिसायला लागले.

वसुधा म्हणाली, "अहो, वेलाला माहू लागून गेला आहे. काही करा."

आणि मी गाढव! मला वेल दिसला नाही, शब्द दिसला. म्हटलं, "माहू नाही गं. मावा. मराठीत मावा म्हणतात."

"इकडे मावा म्हणजे खोवा," ती हळूच म्हणाली.

"इकडचं सोड. माणसानं शुद्ध काय ते बोलावं. आमच्याकडे ज्वारीवर पडतो तो मावा, करडईवर पडतो तो मावा. माझे वडील जन्मभर मावाच म्हणत आले."

तुमच्यापैकी ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. मावा म्हणजे मोहरीएवढेही नसतात असे किडे. कोवळ्या देठाला शेकड्यांनी चिकटतात आणि रस पितात. आमच्या नगरकडे मावा म्हणजे आणखी एक चीज असते, सुपारी-तंबाखूची, पण ती सध्या बाजूला ठेवू. आणि मिठाईत घालतात त्याला आम्ही खवा म्हणतो. झाशीच्या गल्लीत खोवा म्हणतात, सरकारी कागदावर आणि मोठ्या दुकानांच्या पाट्यांवर मावा. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं! पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यात फरक असतो हो.

तर, काही करा असं ती म्हणाली. मी काय केलं? भिंग आणलं.

खरं सांगतो, तुम्ही एकदा बघाच. तिथे एक वेगळंच गाव वसलेलं असतं. मुंग्यांची रांग वर चढते. एकेक मुंगी एकेका किड्याच्या पाठीवर मिशांनी टकटक करते. मग तो किडा मागून गोड पाण्याचा एक थेंब सोडतो आणि मुंगी तो चाटून घेते. गवळी म्हशीला थोपटतो ना, तसं. मी ऑफिसातून आलो की चहासुद्धा तिथेच. रोज काही ना काही नवीन. त्यांची पिल्लं अंड्यातून येत नाहीत, थेट जन्मतात! दोन दिवसांत दुप्पट! मध्येच मगरीसारखे दिसणारे लांबट, काळे, ओंगळ किडेही फिरताना दिसले. म्हटलं, हे काय नवीन संकट, म्हणून ते मात्र मी वेचून वेचून फेकून दिले. तेवढंच आपलं कर्तव्य.

तीन दिवस मी बघत होतो आणि तीन दिवस ते वेल पीत होते.

चौथ्या दिवशी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून मी कपडे धुवायची पावडर पाण्यात घोळून फवारली. चिमूटभर टाकायची होती म्हणे. मी मूठभर टाकली. संध्याकाळी पाच-सहा पानं करपली, किडे मात्र होते तिथेच, उलट स्वच्छ दिसायला लागले. वसुधानं करपलेलं एक पान हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, आता तुम्ही स्वतः काही करू नका, ज्याला कळतं त्याला विचारा. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली की हा वेल माझ्या हातून जाणार.

दुसऱ्या दिवशी रविवार. पण आमच्याकडे नुकतीच एक सरकारी हेल्पलाइन निघाली होती, ती रविवारीही चालू. एकच नंबर. लावला की रेकॉर्ड केलेली बाई सांगायची: खेती के लिए एक, मछली के लिए दो, वन के लिए तीन, खाने-पीने की चीजों में गड़बड़ के लिए चार. शेती, मासे, जंगल आणि खाणं, सगळं एका छपराखाली! मला तर हे फारच आवडलं. विचार करा, आपल्या ताटात येतं ते शेवटी शेतातून, पाण्यातून नाहीतर रानातूनच येतं की नाही? पण मग प्रश्न पडला, तिकडे माणसं चार बसत असतील की एकच? म्हणून आधी तीन दाबला. एका गंभीर आवाजानं विचारलं, कोणता प्राणी आहे. मी म्हटलं, प्राणी नाही, सहज बघत होतो. त्यानं फोन ठेवला.

मग शहाण्यासारखा एक दाबला. बराच वेळ नुसती घंटी. शेतीचे साहेब बहुतेक शेतावर गेले असावेत, कारण शेवटी खट् असा आवाज झाला आणि फोन दुसऱ्याच कुणीतरी उचलला. कुणी, ते मी विचारलं नाही. जन्मात एकदाच चौकशी करायची राहिली, ती इथे.

"जी, बताइए."

"भैया, हमारे यहाँ मावा हो गया है."

"मावा." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कितना होगा?"

"बहुत. दो दिन में दुगुना हो जाता है."

"दुगुना? कैसे करते हैं दुगुना?"

"हम नहीं करते, अपने आप होता है. हमने तो उसमें कपड़े धोने का पाउडर डाला."

इथे पलीकडे पेनाची टकटक ऐकू आली. मला वाटलं, साहेब विचार करताहेत. म्हणून मीच पुढे सांगितलं, "पाउडर थोड़ा ज्यादा हो गया, गलती हमारी है."

"पाउडर डालने को किसने कहा?"

"मोबाइल में देखा. सब यही डालते हैं, साहब."

"रंग कैसा है?"

"हमारे यहाँ काला. बगल में तिवारी जी के यहाँ हरा."

"हरा," ते म्हणाले. लिहिल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मनात म्हटलं, काय नीट काम करतात! तिवारींच्या मोहरीवर खरंच हिरवा होता हो.

"चखा तो नहीं किसी ने?"

या प्रश्नाचं मला नवल वाटलं, पण सरकारी फॉर्ममध्ये काहीही रकाने असतात. म्हटलं, "हमने नहीं चखा. चींटियाँ चाटती हैं, मीठा होता है. उँगली से मसलो तो रंग छोड़ता है. साहब, पूरी कॉलोनी में फैल रहा है, हमारे यहाँ से ही गया होगा. होली से पहले कुछ कीजिए."

त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आप अच्छा काम कर रहे हैं. चाहें तो नाम न बताएँ."

"क्यों नहीं बताएँ? लिखिए. काळे."

"रंग लिख लिया. नाम?"

"नाम ही काळे है."

पत्ता घेतला आणि म्हणाले, तुम्ही घरीच थांबा, कशालाही हात लावू नका, टीम येते आहे. टीम! पावट्याच्या एका वेलासाठी! मी स्वयंपाकघरात गेलो आणि छाती फुगवून सांगितलं की बघ, नीट, शुद्ध भाषेत सांगितलं की सरकारसुद्धा हलतं.

स्वयंपाकघरात त्या दिवशी गुझियांचा, म्हणजे इकडच्या खव्याच्या करंज्यांचा, घाट होता. शेजारच्या तिवारी भाभी सकाळपासून आमच्याकडेच होत्या. त्यांच्या आणि आमच्या, दोन्ही घरच्या होळीच्या गुझिया एकत्र. परातीत खवा भाजून ठेवलेला, वेलचीचा वास, भाभी लाटताहेत, वसुधा भरते आहे. तळलेल्या पहिल्या घाण्यातल्या तीन गुझिया भाभींनी चव बघायला म्हणून खाल्ल्या होत्या. आणि ओट्यावर, परातीला अगदी टेकून, कपडे धुवायच्या पावडरीचा डबा. तो मीच आदल्या दिवशी तिथे ठेवला होता. उचला म्हणून वसुधानं दोनदा सांगितलं होतं.

तासाभरात जीप आली. आतून एक बाई उतरल्या, तिशी-पस्तिशीच्या, गळ्यात ओळखपत्र. कुशवाहा मॅडम. मागे एक मदतनीस, त्याच्या हातात पेटी. पेटीत बरण्या, चिमटे, लाखेच्या कांड्या, हातमोजे. मी तर बघतच राहिलो. किडे बरणीत भरून, सील करून, प्रयोगशाळेत नेणार? देश कुठल्या कुठे गेला आणि आपल्याला पत्ताच नाही!

मॅडमनी विचारलं, "मावा कहाँ है?"

मी म्हटलं, "पीछे है. पर पहले चाय लीजिए."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हवेत वास घेतला आणि सरळ स्वयंपाकघराकडे निघाल्या. मी मागून, "मॅडम, उधर नहीं, मावा पीछे है, पीछे," असं म्हणत त्यांच्यापुढे जायचा प्रयत्न करतोय. आता मला सांगा, त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं?

आत दोघी हात पिठात घालून थबकल्या. मॅडमनी परात पाहिली. मग डबा पाहिला. मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "यही पाउडर?"

आणि मी, देव मला क्षमा करो, कौतुकानं म्हणालो, "जी, यही. यही मिलाया था."

तिवारी भाभींच्या हातातलं लाटणं खाली पडलं. त्यांनी परातीकडे पाहिलं, मग उरलेल्या गुझियांकडे, आणि एक हात हळूहळू स्वतःच्या पोटावर नेला. म्हणाल्या, "काले भैया, हमने तीन खाई हैं."

मला कळेना, या मध्येच गुझियांचं काय सांगताहेत. मी म्हटलं, "खाइए ना भाभी, और लीजिए."

मॅडमनी मोजे चढवले. खव्याचा एक गोळा घेऊन तळहातावर चोळला, वास घेतला. आता माझ्यासारख्या माणसासमोर कुणी काही चोळून बघितलं तर मी गप्प बसेन का? विचारलं, हे कशासाठी. त्या म्हणाल्या, चांगला असेल तर तूप सुटतं आणि दाणा लागतो. मग एका वाटीत खवा घेऊन त्यावर बाटलीतला थेंब टाकला. हे काय? आयोडीन. कशाला? पीठ मिसळलेलं असेल तर निळं होतं. बटाट्यावर टाकला तर? तोही निळा होईल. मग टाकू का एक, घरात बटाटे आहेत? मॅडम म्हणाल्या, "आप जरा चुप रहेंगे?"

निळं काही झालं नाही. मॅडमच्या कपाळावर आठी आली. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचली. "काला कहाँ है? हरा कहाँ है?"

"वही तो कह रहा हूँ," मी म्हटलं. "पीछे."

मी पुढे, मॅडम मागे, पेटीवाला त्यांच्या मागे, सगळ्यांच्या शेवटी वसुधा. परसात येऊन मी वेलाचा एक शेंडा अलगद वर धरला. मुंग्या लगबगीनं चालल्या होत्या. माझ्या आवाजात थोडा अभिमानच होता. "ये देखिए. मावा."

पेटीवाल्यानं बरणीचं झाकण उघडलं होतं, ते त्यानं परत लावलं.

वसुधा दारातून म्हणाली, "माहू, मैडम. माहू लगा है. ये उसको मावा बोलते हैं. शुद्ध में."

'शुद्ध में' हे दोन शब्द तिनं ज्या आवाजात म्हटले, तो आवाज मी आजपर्यंत विसरलेलो नाही. त्याच क्षणी माझ्या डोक्यात सगळं फोनवरचं बोलणं उलटं फिरायला लागलं. पाउडर. हरा. चखा तो नहीं. चींटियाँ चाटती हैं. एकेक वाक्य आठवत होतं आणि माझे कान तापत होते.

मॅडम परसाच्या पायरीवर बसल्या. हसतील असं वाटलं होतं, पण आधी त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं की हसताहेत. पाच मिनिटं त्या बाईंना बोलता येईना. होळीआधी रोज भेसळीचा खवा पकडत फिरायचं, रविवारची सुट्टीसुद्धा नाही, आणि त्यात हे. मी हात जोडून माफी मागितली. म्हटलं, तुमचा दिवस वाया घालवला.

पण वसुधा पुढे आली. माफी वगैरे बाजूला ठेवून तिनं सरळ विचारलं, "मैडम, आप तो उसी विभाग की हैं. ये बेल बचेगी क्या? मेरी अम्मा का बीज है. और नहीं है हमारे पास."

मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी रबरी मोजे काढून ठेवले. त्या मऊरानीपूरच्या निघाल्या, घरचा भाजीपाल्याचा मळा. त्यांनी वेल असा हातात घेतला की मला लगेच कळलं, हा हात भिंगवाल्याचा नाही. सगळ्यात भरलेले दोन शेंडे त्यांनी नखानं खुडून टाकले. बाकीच्या शेंड्यांना खालून तळहाताचा आधार देऊन वरून साध्या पाण्याची धार सोडली. मग वसुधाकडून चुलीची राख मागितली. चूल आमच्याकडे कुठली? तिवारींकडे बंबाची होती, ती मी धावत आणली. ओल्या पानांवर त्यांनी ती भुरभुरली आणि मुंग्या चढू नयेत म्हणून बुंध्याभोवती राखेचं कडं घातलं. हे सगळं करताना मी सारखा विचारत होतो, हे का, ते का, आणि आता मात्र त्या सगळं सांगत होत्या.

मध्येच त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. मगरीसारखा एक ओंगळ किडा. एकच, बहुतेक माझ्या नजरेतून सुटलेला. म्हणाल्या, याला कधी मारू नका, हा मोठेपणी ठिपक्यांचा लाल किडा होतो, आणि रोज पोटभर माहू खातो. असे दहा-बारा असते तर मला बोलवायची वेळच आली नसती.

मी भिंग हळूच खिशात घातलं. वेचून वेचून फेकलेले सगळे आठवले. वसुधानं माझ्याकडे पाहिलं. मी पावट्याच्या शेंगांकडे पाहिलं.

जाण्याआधी मॅडमना तक्रार बंद करायची होती. तक्रार आली म्हणजे काहीतरी लिहावं लागतंच. पायरीवर बसून त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: "मौके पर मावा पाया गया. मावा जीवित है. राख डलवा दी गई." मग म्हणाल्या, अजून बडा बाजारात दुकानं तपासायची आहेत, चहा पुन्हा कधीतरी. आणि जीप गेली.

तुमच्या मनात असेल म्हणून आधीच सांगून टाकतो. वेल वाचला. चैत्रात नऊ शेंगा त्यावरच वाळल्या. वसुधानं त्या पदरात सोलल्या, जांभळ्या रेघेचा एकेक दाणा निवडून बाळंतशोपेच्या डब्यात ठेवला आणि डबा बराच वेळ मांडीवरच धरून बसली. एक चिमूट बी कागदात बांधून मॅडमनाही पाठवलं.

अहो, उठताय कुठे? माझी खरी फजिती तर अजून राहिलीच आहे.

जीप गेल्यावर आम्ही आत आलो तर परात रिकामी. आम्ही मागे असताना तिवारी भाभींनी सगळा खवा कचऱ्याच्या डब्यात टाकून वर दोन तांबे पाणी ओतलं होतं. त्यांना माहू-मावा काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त 'यही मिलाया था' हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. गाईला द्यायचं मनात आलं होतं म्हणे, पण गाईनं बिचारीनं काय पाप केलंय? वसुधानं त्यांना समजावलं, पाणी दिलं, मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "आणून द्या."

आणून द्या नाही गं, आणा, असं मी म्हटलं नाही. पिशवी घेतली आणि निघालो.

रस्ताभर मी स्वतःला बजावत होतो. चूक कळली ना? मग सुधारायची. आपण परक्या गावात राहतो, गावाचा शब्द तोच आपला शब्द. मावा म्हणायचं नाही, माहू म्हणायचं. माहू, माहू, माहू. रिक्षावाला दोनदा वळून बघून गेला. बडा बाजारात होळीची ही गर्दी. मिठाईच्या दुकानासमोर तर माणसांचं कडंच होतं. मी खांद्यांनी वाट काढत पुढे गेलो, गल्ल्यावर हात ठेवला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो,

"भैया, एक किलो माहू देना. एकदम ताजा."

मालकाचा चेहरा पांढरा पडला. तो माझ्याकडे बघतच नव्हता, माझ्या शेजारी बघत होता. हात जोडून त्या दिशेला म्हणाला, "मैडम, भगवान कसम, हमारे माल में माहू नहीं निकलता."

मी मान वळवली. शेजारी कुशवाहा मॅडम तळहातावर खवा चोळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाल्या, "काले जी, आप घर जाइए. भाभी जी को भेजिए."

मी घरी आलो. पिशवी रिकामीच होती. वसुधाला सगळं सांगितलं, अक्षरही लपवलं नाही. ती हसली नाही. चार वर्षं तिनं माझं सगळं ऐकून घेतलं होतं, तसंच हेही ऐकून घेतलं. मग चपला घातल्या, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि उंबऱ्यात थांबून अगदी सरळपणे विचारलं,

"मग काय आणू? खवा, खोवा की मावा?"

मी म्हटलं, "तू म्हणशील ते."